पॉइंट दोनची शिम

उभ्या जागेवरनं थ्रॉटल दाबला की गाडीतनं कुठनं तरी 'टर्रर्र' व्हायचं. अर्धा सेकंद, जास्त नाही. कढईत हरभरे फुटतात तसं. मग गाडी सुसाट. पुतण्या म्हणायचा, "काका, पळत्या न्हवं? मग कशाला डोकं लावताय?" पण माझा धंदा लेथचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि एक म्हातारं ड्रिल मशीन, एवढा माझा पसारा. गिअर वाजतोय आणि आपण गप बसलोय, हे मला जमत नाही.

गाडी म्हणजे रिमोटची. एक दशांश मापाचा, चारी चाकं ओढणारा शॉर्ट कोर्स ट्रक. अमेरिकेत वाळवंटात आणि स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवर मोठे पिकअप ट्रक उड्या मारत पळवतात, त्यांचं हे पिल्लू. 2008 साली ट्रॅक्ससनं स्लॅश नावाची गाडी काढली, ती नुसत्या मागच्या चाकांवर पळायची, आणि तिथनं हा प्रकार रुळला. पावणेदोन फूट लांब, फूटभर रुंद, बॅटरीसकट अडीच-तीन किलो. चाकं बॉडीच्या आत झाकलेली असतात, त्यामुळं दोन गाड्या एकमेकींना घासल्या तरी चाकात चाक अडकून उलथत नाहीत. आणि घासाघासी हीच यातली निम्मी मजा. माझी गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही, उगीच कुणीतरी तिच्या नावानं बोटं मोडायचं. पुण्याच्या एकाकडनं वापरलेली घेतलेली आहे, एवढं पुरे.

आम्ही सहाजण. एक बँकेतला, एक दातांचा डॉक्टर, एक ड्रॉइंगचे मास्तर, एक गॅरेजवाला, पुतण्या आणि मी. दर रविवारी सकाळी वडणग्याकडं, गॅरेजवाल्याच्या चुलत्यांच्या मळ्यात. ऊस गेला की एक पट्टा रिकामा मिळतो. ठिबकचा जुना पाइप टाकून वळणं आखलीत, विटांचे तुकडे आणि माती लोटून तीन उड्या केल्यात. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं. काळी माती सकाळी आठला ओलसर असते, टायर धरतात. अकरा वाजेपर्यंत वर भुकटी सुटते आणि तीच गाडी साबण सांडल्यागत घसरते. म्हणून आमच्यात कुणी म्हणालं की 'माझं सेटिंग जमलं', तर पहिला प्रश्न: किती वाजता?

तर तो आवाज. दिवाळीनंतर मळा मोकळा झाला आणि पहिल्याच रविवारी ऐकू आला. पहिला संशय मोटरच्या पिनियनवर. कुणीही तिथनंच सुरू करील, कारण दिसायला तेवढंच उघडं असतं. मोटरचं छोटं पिनियन आणि मधला मोठा स्पर गिअर यांच्यात प्ले, म्हणजे ढिलाई, जास्त झाला की दात एकमेकांवरनं उड्या मारतात. वहीच्या कागदाची पट्टी दोन्हींच्या मधनं फिरवायची; पट्टीवर नीट घड्या पडल्या, पण ती फाटली नाही, की प्ले बरोबर. माझी पट्टी झकास निघाली. तरी मोटर ढिली करून परत बसवली, पिनियनचा ग्रब स्क्रू काढून लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लावून आवळला. (धातूत धातू जातो तिथं निळं लॉकटाइट लावाच. प्लास्टिकमध्ये लावू नका, काही प्लास्टिक त्यानं तडकतं.) आवाज होता तिथंच.

इथं एक आडवाट. आपल्याकडं गिअर कटिंगवाल्याला मॉड्युल, म्हणजे दाताचं मिलिमीटरमधलं माप, सांगायचं. या गाड्यांचे गिअर बऱ्याचदा डीपीत, म्हणजे इंचाच्या मापात, येतात. माझ्या गाडीचे 32 डीपी, म्हणजे 25.4 भागिले 32, मॉड्युल 0.79. दुकानदार बिनधास्त 0.8 चं पिनियन देतो आणि ते चालतंही. पण माझ्यासारख्या माणसाला एकदा हा फरक कळला की रात्रभर तोच दिसतो. मी दुसऱ्या आठवड्यात खास 32 डीपीचं, 14 ऐवजी 13 दातांचं पिनियन मागवलं. पार्सलला आठ दिवस. एक दात कमी केल्यावर मोटरचं तापमान उतरलं. शिरोलीला फौंड्रीत असलेल्या मेव्हण्याकडनं तापमानाची बंदूक आणली होती, पाच मिनिटं पळवून मोटरवर मारली, आधी 78 दाखवायची ती आता 66 दाखवत होती. सत्तरच्या वर गेली की मी थांबतो. बरं वाटलं. टॉप स्पीड थोडा गेला, तोही आमच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात कुणाला लागतोय? आवाज मात्र होताच. थोडा बारीक झाला होता, म्हणून मला वाटलं आपण रस्त्यावर आहोत.

मग मधला डिफरन्शियल. दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी गिअरची पेटी म्हणजे डिफ; या गाडीत तसे तीन. मोटरची ताकद आधी मधल्या डिफला जाते, तिथनं एक शाफ्ट पुढच्या डिफला, एक मागच्या. तिन्हींत सिलिकॉन ऑइल भरायचं, आणि गाडीचा निम्मा स्वभाव या ऑइलच्या जाडीवर ठरतो. तेव्हा माझं होतं पुढं 5000, मध्ये 5000, मागं 3000. हे आकडे सेंटिस्टोकचे, म्हणजे ऑइलच्या जाडीच्या मापाचे. शॉकअपच्या ऑइलला 30, 35, 40 असे वेटचे आकडे असतात, ते वेगळे. 30 वेट म्हणजे साधारण 350 सेंटिस्टोक. नवीन पोरं इथं हमखास गोंधळतात. मागच्या वर्षी डॉक्टरांनी शॉकअपात डिफचं ऑइल भरलं होतं. गाडी उडीवरनं आली आणि ओट्यावर थापलेल्या भाकरीसारखी तशीच पडून राहिली.

मधला डिफ उघडला. ऑइल कमी झालं होतं, ओ-रिंग पाझरत होती. मला वाटलं सापडलं! ओ-रिंग बदलली, आणि घरात 5000 चं ऑइल शिल्लक नाही. शनिवारची रात्र. गॅरेजवाला म्हणाला, "भावा, माझ्याकडं नव्वद नंबरचं गिअर ऑइल हाय की. ट्रकच्या हौसिंगला चालतंय, तुझ्या खेळण्याला चालत न्हाई व्हय?" मला माहीत होतं चालत नाही. तरी भरलं. चाळीस डिग्रीला ते दोनशे सेंटिस्टोकच्या आसपास, म्हणजे जिथं पाच हजार पाहिजे तिथं दोनशे. शिवाय तापलं की आणखी पातळ होतं. सिलिकॉन ऑइलचं तेवढं होत नाही, म्हणून तर ते वापरतात.

रविवारी गाडी सोडली. मोटर किंचाळली, पुढची दोन्ही चाकं हवेत फिरून फुगली आणि गाडी म्हशीसारखी जागची हलली. सगळे हसले. साहजिकच होतं: जोर लावला की गाडीचा भार मागं बसतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि मध्ये पातळ ऑइल असलं की सगळी ताकद हलक्या बाजूनं पळून जाते. मास्तर म्हणाले, "अहो, नळ उघडल्यावर पाणी उताराकडंच जाणार."

पण आवाज गेला होता.

अजिबात नाही. दहा वेळा सोडली, एकदाही टर्रर्र नाही. मी घरी येऊन वहीत तांबड्या पेनानं लिहिलं: 'दोष मधल्या डिफमध्ये.' आणि या एका ओळीनं मी पुढचे दोन आठवडे वाया घालवले. मधल्या डिफचे आतले गिअर नवे मागवले, बेरिंगं नवी टाकली, ऑइल यावेळी आणखी जाड, 7000 भरलं. म्हटलं, आता काय बिशाद आहे.

टर्रर्र. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

त्या रात्री झोप आली नाही. बायको म्हणाली, "एवढं टेन्शन पोरीच्या दहावीला घेतला न्हाईस." बरोबर होतं तिचं. बारा वाजता मी उठून बाहेरच्या कट्ट्यावर बसलो आणि मास्तरांचा नळ आठवला. पातळ ऑइल घातल्यावर आवाज गेला. जाड घातल्यावर वाढला. मधला डिफच खराब असता तर नव्या गिअरनं, नव्या बेरिंगनं गेला असता. मग ऑइलनं नक्की बदललं काय? मध्ये पातळ असलं की मागच्या धुरीला तेवढीच ताकद मिळते जेवढी पुढची हलकी चाकं पेलतात, म्हणजे फार थोडी. जाड केलं की पुढनं निसटणारी ताकद मागं ढकलली जाते. म्हणजे जाड ऑइलानं जास्त भार येतो तो मागच्या डिफवर! मी मधल्याचा आवाज बंद केला नव्हता, मागच्याचं काम काढून घेतलं होतं. काम नाही, तर कुरकुर कशाची?

पिनियनचा एक दात कमी केल्यावर आवाज 'बारीक' का झाला होता, याचं उत्तर मात्र मला त्या रात्रीही सापडलं नाही. बहुतेक झाला नव्हताच. पैसे खर्च केल्यावर कान फितूर होतात.

सकाळी सहाला पुतण्याला फोन. "काय झालं काका?" "गाडी धरायला ये." तो खरंच घाबरून आला.

ही तपासणी दोन माणसांची आहे, आणि बॉडी काढून टेबलावर पाच मिनिटांत होते. एकानं मधला स्पर गिअर अंगठ्यानं घट्ट धरायचा आणि पुढची दोन्ही चाकं मांडीत आवळून धरायची. दुसऱ्यानं मागची दोन्ही चाकं एकदम, सारख्याच जोरानं पुढच्या दिशेला पिळायची. सगळं ठीक असेल तर काही हलत नाही, फक्त टायरचं रबर पिळतं. पुतण्यानं धरलं, मी पिळलं. टक. परत पिळलं. टक. मग उलटं, मागची धरून पुढची पिळली. गप्प. पाच आठवडे आणि दोन पार्सलं, आणि उत्तर या एका 'टक'मध्ये होतं.

मागचं हौसिंग उघडायचं म्हणजे शॉकअप, टॉवर, शाफ्ट, सगळं मोकळं करावं लागतं. अडीच आणि दोनची ॲलन की, पंधरा-सोळा स्क्रू. आत क्राउन-पिनियन, म्हणजे डिफवरचा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा शाफ्टचा छोटा गिअर. दात तुटले नव्हते. पण क्राउनच्या दातांची नुसती टोकं चकाकत होती, बाकीचा दात कोरा, नव्यासारखा. ज्यानं कधी ब्लू मॅचिंग (निळा रंग लावून दात कुठं टेकतात ते बघणं) केलंय त्याला आणखी सांगायला नको. तरी मी माझ्या लेथच्या दुकानातनं मार्किंग ब्लू आणला, पिनियनला बोटानं पुसट लावला, हौसिंग बंद करून फिरवला आणि उघडला. निळा डाग दाताच्या अगदी शेंड्यावर, नखाच्या कडेएवढा. म्हणजे क्राउन पिनियनपासनं लांब बसला होता. हलक्या हातानं फिरवलं की बरोबर वाटायचं. जोर आला की प्लास्टिकचं हौसिंग किंचित उमलायचं आणि दात सुटायचे.

डिफच्या दोन बाजूंना दोन बेरिंगं असतात, 8 बाय 16 ची. क्राउन ज्या बाजूला, त्या बाजूच्या बेरिंगच्या मागं, बाहेरच्या रेसवर (कड्यावर), एक शिम, म्हणजे पातळ चकती, घालतात. आतनं 13 मिलिमीटर, बाहेरनं 16. ती डिफला पिनियनकडं ढकलते. माझ्या गाडीत तिथं शिम नव्हती. पुढचं हौसिंग उघडून बघितलं, तिथं होती.

ती कुठं गेली हे मला त्याच क्षणी कळलं. बेंदराच्या सुमाराला, पंचगंगा पात्राबाहेर आली होती आणि मळ्यात पाणी होतं, तेव्हा मी गाडी पूर्ण खोलून रॉकेलमध्ये धुतली होती. पुण्याच्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालायचीही सोय उरली नाही. दिवसभर लोकांच्या जॉबला दहा मायक्रॉनवरनं रिजेक्ट करणारा माणूस मी, आणि स्वतःची गाडी जोडताना वॉशर मोजले नव्हते.

शिमचं पाकीट मागवलं असतं तर परत आठ दिवस. दुकानात पॉइंट एक मिलिमीटरचा पितळेचा शिम पत्रा होता. नुसता पत्रा कात्रीनं कापला तर कडा वळतात. म्हणून दहा तुकडे दोन जाड प्लेटांच्या मध्ये दाबून चकमध्ये धरले, 13 चं भोक बोअर केलं, मग मँड्रेलवर घेऊन बाहेरनं 16 केलं. दहा शिमा एकदम, बर नाही, घडी नाही. आमचे म्हातारे मिस्त्री बघत उभे होते. चाळीस वर्षं ट्रकचे क्राउन-पिनियन बसवलेला माणूस. म्हणाले, "केवढ्याची हो ही गाडी?" मी सांगितलं. त्यांनी शिम उजेडात धरली, बघितली आणि चहा प्यायला गेले.

एक शिम घालून ब्लू लावला: डाग शेंड्यावरनं खाली सरकला, पण अजून वरच. दोन घातल्या: दाताच्या मधोमध. तीन घातल्या आणि हौसिंगचे स्क्रू आवळले, तर हातानं फिरवताना गचके बसायला लागले, म्हणजे जास्त. दोनच ठेवल्या. पॉइंट दोन. ऑइल भरताना आतल्या गिअरची मधली पिन जेमतेम बुडेल एवढंच भरलं, काठोकाठ भरलं की ते गरम होऊन ओ-रिंगमधनं वाट काढतंच.

रविवारी गाडी सोडली, आवाज नाही. पण गाडी चालवायला भिकार झाली होती. आवाजाच्या नादात मी काय काय बदलून ठेवलं होतं: मध्ये 7000, पिनियन 13, आणि एकदा वाटलं म्हणून मागच्या स्प्रिंगाही कडक. मध्ये एवढं जाड असल्यामुळं वळणातनं बाहेर पडताना थ्रॉटल दिला की शेपूट फिरायचं, दहा वाजता थोडं, अकरा वाजता पूर्ण गोल. बँकवाला मागनं येऊन दोनदा धडकला आणि दोन्ही वेळा माझीच चूक निघाली. मग वहीचं जुनं पान काढलं आणि सगळं होतं तिथं नेलं: 5-5-3, मऊ स्प्रिंगा, फक्त 13 चं पिनियन राहू दिलं, कारण मोटर थंड राहते हे तर खरंच होतं. तिथनं पुढं एका रविवारी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. पहिल्या रविवारी मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे वरच्या बाजूचा कल, दीड डिग्री आत केला. दुसऱ्या रविवारी शॉकअपात 35 च्या जागी 40 वेट, कारण तिसऱ्या उडीनंतर चेसिस जमिनीवर आपटत होती. तिसऱ्या रविवारी काहीच बदललं नाही, नुसती बॉडीला मागं दोन मोठी भोकं पाडली. उडीवर पुढनं शिरलेली हवा बॉडीत अडकते आणि नाक वर उचलतं, ती निघून जायला वाट पाहिजे. नाक वर गेलंच तर हवेत असतानाच ब्रेकला किंचित बोट लावायचं, चाकं थांबतात आणि नाक खाली येतं. थ्रॉटल दिला की उलटं. हे पुतण्याला आपोआप जमतं. मला सहा महिने लागले.

मागं 3000 च्या जागी 2000 करून बघायचं आहे, भुकटीत मागची चाकं जास्त धरतील असं मास्तरांचं म्हणणं आहे. ऑइल आलंय, वेळ मिळालेला नाही.

परवा एक जॉब फिरताना किती डुलतो (रनआउट) ते बघायला डायल गेज लावत होतो. डायलचा मॅग्नेट स्टँड लेथच्या बैठकीवर ठेवला तर तो डुगडुगला. उचलून बघितलं, खाली शिम चिकटून बसली होती. आतनं 13, बाहेरनं 16. बेंदरापासनं हा स्टँड मी किती वेळा वापरला असेन देव जाणे, म्हणजे किती जॉब डुगडुगत्या डायलवर पास झाले तेही देवच जाणे. गिऱ्हाइकांनी हे वाचलं नाही तर बरं.

पुसून मायक्रोमीटरमध्ये धरली. 0.20.

पुतण्यानं विचारलं, "मग ही घालायची आता? की पितळेच्याच?" म्हटलं, सोळा स्क्रू तू काढणार असशील तर घाल. त्यानं ती काड्याच्या पेटीत ठेवली, वर पेनानं 'मागचा डिफ' लिहिलं, आणि पेटी मॅग्नेट स्टँडपासनं लांब, वरच्या फळीवर ठेवली.